तुझा आकडा सहा, यंत्राचा तीन

मन्मथ, तुझा आकडा बरोबर होता. यंत्राचा चुकला होता, आणि यंत्राच्या मागं उभं राहून तोंड वाजवणारी मीही चुकले होते. हे तुला सांगायला माझ्याकडं सहा वर्षं होती. सहा वर्षांत माणूस एक फोन करू शकतो. मी केला नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी छातीत कळ आली म्हणून तू दवाखान्याच्या पायरीवर बसलास तो उठलाच नाहीस. आता हे लिहून काय उपयोग, तरी लिहिते आहे, कारण गप्प बसले तर डोकं फुटेल.

मुरूडला पोचले तेव्हा तुला बसवलेलं होतं. तुम्हा लिंगायतांत बसवूनच नेतात हे मला माहीत आहे, तुझ्या अप्पांच्या वेळी मी आले होते. पण तुला तसं ताठ बसलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, असं बघून मला रडू आलंच नाही आधी. राग आला. वाटलं, हा आत्ता डोळे उघडणार आणि म्हणणार, आलीस का डॉक्टरीणबाई, आजबी उशिरा. बीपीची गोळी तू वर्षभर घेतच नव्हतास हे सुमित्रावैनींनी मला तिथंच सांगितलं. दुसऱ्यांच्या हिरड्या मिलिमीटरनं मोजणारा माणूस स्वतःचं बीपी मोजत नव्हता. काय म्हणावं तुला.

आपण दोघांनी हिरड्यांचा विभाग घेतला तेव्हा सगळी बॅच हसली होती. ज्याला त्याला वाकडे दात सरळ करायचे होते, त्यात नाव होतं. मी बिलोलीची, अर्धं तेलुगू बोलणारी आणि नाकावर राग घेऊन फिरणारी. तू मुरूडच्या किराणा दुकानातून आलेला, शर्टाला कायम जिऱ्याचा वास. हिरड्यांचं काम कुणाला समजावून सांगायला गेलं की लोक म्हणायचे, हिरडीत मोजायचं काय असतं. मग तू बिचारा पाण्याचा ग्लास पुढं ओढून शिकवणी सुरू करायचास. दात आणि हिरडीच्या मधे एक बारीक फट असते. खुणा केलेली एक बोथट काडी, म्हणजे आपला प्रोब, त्या फटीत हळूच सोडायचा. दोन-तीन मिलिमीटरवर थांबला तर ठीक. पाच, सहा, सात गेला तर आतलं हाड खचायला लागलंय, दात हलायच्या आधी धावपळ करायला पाहिजे. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं. एकानं मोजून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणून लिहायचा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. तू मोजायचास, मी लिहायची. परीक्षेच्या आधी आपण अख्ख्या होस्टेलची तोंडं अशी मोजून काढली होती.

पुढं मी लातूरला शिकवायला लागले आणि तू मुरूडला दवाखाना टाकलास. त्यावरूनही आपलं भांडण झालंच होतं. मी म्हटलं, एवढा शिकून तू खेड्यात दात उपटत बसणार. तू म्हणालास, उपटायला लागू नयेत म्हणून बसणार हाय. असा सरळ बोललास की पुढं भांडताच येत नाही, हा तुझा जुना दोष.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून सगळीकडं हवा होती. नवा जिल्हा म्हणजे नवं मोठं रुग्णालय, आणि त्यात दातांचा विभाग असेल तर हिरड्यांच्या डॉक्टरची जागा पाहिजे, हे वरच्या लोकांना पटवून द्यायला कुणाला तरी आकडे हवे होते. काम आमच्या कॉलेजकडं आलं. मीच ओढून घेतलं म्हण. त्याच वर्षी आमच्या विभागात नवं यंत्र आलं होतं, आपोआप मोजणारा प्रोब. टोक फटीत धरायचं, पायाखालचं बटण दाबायचं, ते ठरलेल्या दाबानंच आत जाणार आणि आकडा थेट कॉम्प्युटरवर. हात जड नाही, हलका नाही, लिहिणाऱ्याची चूक नाही. मी त्या यंत्रावर फिदा झाले होते. तरी नियमाप्रमाणं हातानंही मोजायचं आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे, असं ठरलं. हातानं मोजायला मला तुझ्याशिवाय कुणाचं नाव सुचलं नाही. मीच तुला बोलावलं, हे मी विसरलेले नाही.

तू आलास ते दुकानातला जिरं-ओवा तोलायचा काटा बगलेत मारून. रोज सकाळी पहिला पेशंट बसायच्या आधी तू त्या काट्यावर प्रोबचं टोक दाबून बघायचास. पंचवीस ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. चोवीस, पंचवीस, पंचवीस. विद्यार्थी हसायचे. मी पण हसायची. पण मी बघितलं होतं, तुझा काटा एकदाही तिसाला गेला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी जे बोलले ते न बघता बोलले असं कुणाला वाटू नये.

देवणीच्या बाजूचं ते गाव, शाळेच्या दोन खोल्या, आणि पाण्याचा टँकर दोन दिवसांआड. एकेका बाईला चूळ भरायला अर्धा पेला मिळायचा. बायका बहुतेक सगळ्या मिश्री लावणाऱ्या. तंबाखूनं हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, रक्त येत नाही, वरून बघणाऱ्याला वाटावं सगळं झकास आहे. आणि दातांवर कीटण असं की बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून क्षार चढावा. खरं म्हणजे आधी कीटण काढायचं, मग मोजायचं. पण आमचं कीटण काढायचं मशीन पाण्याच्या फवाऱ्यावर चालतं, आणि पाणी कुठून आणणार. तू म्हणालास, हाताच्या हत्यारानं काढू, मी काढतो, वेळ लागंल पण होईल. मी हिशेब केला, एका तोंडाला अर्धा तास. महिन्यात काम संपवायचं होतं. मी म्हटलं, राहू दे, असंच मोजू. तू माझ्याकडं बघितलंस आणि पुढच्या बाईला हाक मारलीस. त्यावेळी भांडला असतास तर, मन्मथ. जिथं भांडायला पाहिजे तिथं तू नेमका गप्प बसायचास.

गंगव्वा तिसऱ्या दिवशी आली. चाळिशीची, वाळलेली, शेतमजूर. तू तिच्याशी कानडीत बोललास, बायी तगी अव्वा म्हणालास, ती हसली आणि तोंड उघडून बसली. खालच्या पुढच्या दातांना तुझा प्रोब सहा, सात, सहा असा चालला. मी मागनं यंत्र लावलं. तीन, तीन, चार. परत लावलं. तीन, तीन, तीन. तू म्हणालास, यंत्र कीटणावर अडकून राहिलंय. आत एक पायरी तयार झाली हाय, हाताला खरखर लागती. मी टोक जरा वाकडं करून तिच्या बाजूनं खाली घातलं की खोल जातंय. यंत्राला खरखर कळत न्हाई, ते पायरीलाच तळ समजून थांबतंय.

हे तू इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंस, आणि मला समजलंही होतं. पण त्या दिवसापर्यंत अशा एकवीस बायका झाल्या होत्या, ज्यांना तू पाचाच्या वर म्हणत होतास आणि यंत्र ठीक म्हणत होतं. तुझं मान्य करायचं तर सगळं काम परत, कीटण काढून परत, पाण्याशिवाय परत. वरून रोज फोन, आकडे कधी देताय म्हणून. ऊन असं की पत्र्याखाली कॉम्प्युटर दर तासाला बंद पडायचा. त्यात एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, कुणाचा आकडा धरायचा. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्राचा धरा. सरांचा हात जड आहे."

दातांच्या डॉक्टरला याहून वाईट काही म्हणता येत नाही. तुला चोर म्हटलं असतं तर तू हसला असतास. तू प्रोब खाली ठेवलास, गंगव्वाचं तोंड पुसलंस, तिला कानडीत काहीतरी सांगितलंस. संध्याकाळी तुझ्या तपासणीच्या कागदांच्या कार्बन प्रती मागून घेतल्यास, काटा बगलेत मारलास आणि उद्यापासून मी येत न्हाई म्हणालास. आवाज चढवला नाहीस. मी म्हटलं, जा की मग. इतकंच. वीस-पंचवीस वर्षांची दोस्ती आणि मी जा की मग म्हटलं.

अहवाल वेळेत गेला. पाचाच्या वर आकडा असलेल्यांना लातूरला उपचाराला बोलवायचं, खालच्यांना दात घासायची पद्धत सांगून सोडायचं, असा नियम होता, आणि आकडा यंत्राचा. तुझ्या एकवीस बायका अशा घासायच्या यादीत गेल्या. तुझ्या नावापुढं मी लिहिलं, हाताच्या मापनात जास्तीचा दाब आढळला. छापून आलं ते. नवा जिल्हा तर झालाच नाही, डॉक्टरची जागा आली नाही, अहवाल कुठल्या कपाटात आहे देव जाणे. ज्याच्यासाठी मी तुझा हात जड ठरवला त्यातलं काहीही झालं नाही. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी तुझा फोन आला. अहवालाबद्दल एक अक्षर नाही. तू म्हणालास, बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे, ती गंगव्वा तेवढी बोलावून घे. तिचं काम माझ्या दवाखान्यात व्हायचं न्हाई, हिरडी उघडून आतनं साफ करावं लागंल, तुमच्याकडं सगळी सोय हाय. वर्षभर थांबली तर दात जातील. मी मीटिंगला निघाले होते. तिला बोलवायचं म्हणजे तुझा आकडा मान्य केल्यासारखं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. आणि तुझी कटकट संपावी असंही वाटत होतं, खरं सांगते. मी म्हटलं, "बोलावलंय रे तिला. पुढच्या आठवड्यात येणार आहे."

तू म्हणालास, मग झालं रजनी. तुला किती हलकं वाटलं ते तुझ्या आवाजावरून मला कळलं होतं. मी ठरवलं होतं, मीटिंग झाली की शाळेच्या मास्तरांना फोन लावून निरोप द्यायचा. त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. मग परीक्षा आल्या. पुढं मी ते विसरले म्हणायची सोय झाली, पण विसरले नव्हते. राग धरून बसले होते, बस.

दोन वर्षांनी गंगव्वा आपली आपण लातूरला आली, एस्टीनं, पदर तोंडाला लावून. खालचे पुढचे दात पिकल्या बोरासारखे लोंबत होते. वाचवण्यासारखं काही नव्हतं. मी मास्कमध्ये, तिनं मला ओळखलं नाही. एकेक करून सहा दात काढले. पहिलाच दात दिव्याखाली धरला. मुळाला काळपट कीटणाची कड होती, गोल, पायरीसारखी. हिरडीच्या रेषेपासून बरोबर तीन मिलिमीटरवर. आणि पायरीच्या खाली मूळ अजून कितीतरी उघडं पडलेलं. वर्षानुवर्षं ते तसंच होतं, यंत्र त्या पायरीवर उभं राहून मला तीन तीन सांगत होतं आणि मी ऐकत होते. मी तो दात धुऊन बाटलीत घातला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. तुला दाखवायला ठेवला, असं मी स्वतःला सांगायची.

त्याच उन्हाळ्यात आपण एका लग्नात भेटलो होतो, आठव. पंगतीत तू मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसलास, माझ्या आईची तब्येत विचारलीस, माझ्या पानातलं लोणचं उचललंस. आणि जेवता जेवता विचारलंस, गंगव्वा बरी हाय का आता. दात ड्रॉवरमध्ये होता, मन्मथ. मी हो म्हटलं, बरी आहे. तू म्हणालास, बरं झालं बाई. आणि भात मागून घेतलास.

तू ओरडायला पाहिजे होतंस. कॉलेजात येऊन माझ्या टेबलावर कार्बन प्रती आपटायला पाहिजे होत्यास. छापलेल्या अहवालावर पत्र लिहायला पाहिजे होतंस की या बाईनं काय लावलंय. मी भांडखोर आहे, मला भांडणाचीच भाषा कळते, हे तुला होस्टेलपासून माहीत होतं. तू समजूतदारपणा करत बसलास आणि मला निसटायला जागा मिळत गेली. मेलेल्या माणसाला दोष देणं बरं नव्हे, पण मी देते. माझा तर आहेच, तो कुठं जातो.

तुझ्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेच्या दिवशी, जेवणं झाल्यावर वैनींनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, हे कागद तुमच्या कामाचे असतील, आम्हाला काही कळत न्हाई. तुझ्या त्या एकवीस कार्बन प्रती, दोऱ्यानं शिवलेल्या. आणि प्रत्येक कागदावर, तुझ्या जुन्या आकड्यांच्या खाली, नव्या शाईनं नवे आकडे. सहाच्या खाली चार. पाचाच्या खाली तीन. तारखा सगळ्या रविवारच्या. मी वैनींना विचारलं, हे कधीचं. त्या म्हणाल्या, त्या गावच्या बायका न्हाई का, दर रविवारी दोघी-तिघींना जीपनं आणायचे आणि दिवसभर बसून हातानं कीटण काढायचे. दोन वर्षं एक रविवार घरी नव्हते. तुम्हाला सांगितलं नव्हतं व्हय?

नव्हतं सांगितलं. मी तुझा हात जड ठरवून अहवाल छापला, आणि तू त्याच हातानं माझ्या यादीतनं गळलेल्या एकेकीचे दात वाचवत बसलास. मला कमीपणा येईल म्हणून सांगितलं नाहीस की मी ऐकणार नाही म्हणून, हे आता विचारायला कुणी नाही. मला तर अशीही शंका येते की तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. तुझ्या या स्वभावाचा मला किती संताप येतो आणि किती अभिमान वाटतो, हे दोन्ही मी वैनींसमोर एकदमच रडून दाखवलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

वीस कागदांवर नवे आकडे होते. एकविसावा गंगव्वाचा. त्यावर नवं काही नाही, फक्त वर कोपऱ्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'रजनीकडं आहे. काळजी नाही.'

परवाच्या रविवारी मी त्या गावाला गेले. बाटलीतला दात बरोबर घेतला होता, तो दाखवून काय सांगायचं होतं कोण जाणे. गंगव्वा दारात तूर निवडत बसली होती. गालफडं आत गेलेली, पंचावन्नाची दिसते. मी कोण ते सांगितलं. तू गेल्याचं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग मी बाकीचं सांगितलं, न थांबता. तुमचे दात डॉक्टर म्हणत होते तसेच खराब होते, मी मानलं नाही. त्यांनी तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं, मी बोलावलं म्हणून खोटं सांगितलं, बोलावलंच नाही. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती रागावली नाही. तिला आधी ते नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिनं मान हलवली. जीप दर रविवारी तिच्या दारावरनं जायची, म्हणाली. शेजारणी जायच्या, तीही एकदा पिशवी घेऊन जीपमध्ये चढून बसली होती.

"डाक्टरांनी मला खाली उतरवलं," ती म्हणाली. "म्हणले, तू येऊ नको अव्वा. तुला लातूरच्या बाई बोलावणार हाईत, त्या माझ्यापरीस हुशार हाईत. म्हणून थांबले मी."